पोटात गोळा का येतो?

पोटात गोळा आला. छातीत धडधडायला लागलं. घशाला कोरड पडली. हातपाय गार पडले. दरदरून घाम फुटला. अंगावर काटा आला. पाय लटपटले. बोबडी वळली.

मित्र-मैत्रिणींनो, ही यादी कुठल्या भुताच्या गोष्टीतली नाही. ओरलच्या दिवशी लॅबबाहेर रोल नंबरप्रमाणे उभ्या असलेल्या कुठल्याही बॅचचं हे वर्णन आहे! मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे मराठीचे वाक्प्रचार परीक्षेपुरते पाठ केले आणि पेपर झाला की विसरले. गेल्या सुट्टीत भीती या विषयावर थोडं वाचायला घेतलं, तेव्हा एक गंमत लक्षात आली. वरच्या यादीतला एकही वाक्प्रचार नुसता अलंकारिक नाही. प्रत्येकामागे एखादी खरीखुरी नस आहे, एखादी ग्रंथी आहे, नाहीतर रक्ताचा बदललेला रस्ता आहे. आम्हाला शाळेत इंग्रजीत शिकवलं होतं की घाबरल्यावर पोटात फुलपाखरं उडतात. मला विचाराल तर आपला ‘गोळा’ जास्त बरोबर आहे. का, ते पुढे येईलच.

पण नुसती माहिती द्यावी म्हणून हा लेख लिहीत नाहीये. आपल्याकडे घाबरलेल्या माणसाला एकच औषध दिलं जातं : “अरे, घाबरतोस काय एवढा? घाबरू नकोस!” एवढं सांगूनही तो घाबरलाच, तर मग तो ‘भित्रा’ किंवा ‘कच्चा’ ठरतो. हे औषध लागू का पडत नाही, आणि मग काय लागू पडतं, हे निदान आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी समजून घ्यायला हवं. कारण कुठलंही मशीन उघडायच्या आधी आपण त्याचा सर्किट डायग्राम मागतो.

आधी सर्किट डायग्राम

नर्व्हस सिस्टिमला मराठीत मज्जासंस्था म्हणतात. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत तिलाच चेतासंस्था हा छान शब्द आहे. तिचे मुख्य भाग दोन. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून झाली मध्यवर्ती चेतासंस्था. तिथून शरीरभर जाणाऱ्या आणि शरीराकडून परत येणाऱ्या नसा म्हणजे परिघीय चेतासंस्था. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या, एवढ्या केबलवर सगळा कारभार चालतो.

मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या दोन टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातली जवळजवळ २० टक्के हा एकटा खातो. वॅटमध्ये सांगायचं तर २० वॅटच्या आसपास. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूतल्या चेतापेशी मोजण्याची नवी पद्धत वापरून सुमारे ८,६०० कोटी हा आकडा दिला. एवढं सगळं २० वॅटमध्ये! आपले हॉस्टेलवरचे पीसी याच्या जवळपासही जात नाहीत.

आता आउटपुटच्या बाजूकडे बघू. इथे दोन खाती आहेत. पहिलं ऐच्छिक खातं. हात उचल, पेन धर, प्रश्न सोडव. हा झाला आपल्या हातातला कीबोर्ड. दुसरं स्वायत्त खातं. हृदय किती वेगाने चालवायचं, आतड्याला किती रक्त द्यायचं, घाम कधी सोडायचा, डोळ्यातली बाहुली किती उघडायची, हे सगळं ते परस्पर ठरवतं. संगणकात बॅकग्राउंडला प्रोसेस चालू असतात ना, तसंच. आणि त्याचा पासवर्ड आपल्याकडे नाही. “हृदया, जरा हळू चाल” अशी कमांड देऊन बघा. काही होत नाही.

या स्वायत्त खात्याच्या परत दोन शाखा आहेत. अनुकंपी आणि परानुकंपी. अनुकंपी म्हणजे ॲक्सिलरेटर. तिच्या नसा मेरुरज्जूच्या छातीच्या आणि कमरेच्या भागातून निघतात आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या गाठींच्या साखळीत शिरतात. या साखळीमुळे एकच संदेश एकाच वेळी अनेक अवयवांना जाऊ शकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्रॉडकास्ट. परानुकंपी म्हणजे ब्रेक. तिच्या नसा मेंदूच्या बुंध्यातून आणि मेरुरज्जूच्या अगदी खालच्या टोकातून निघतात. त्यांतली सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे मेंदूतून निघणारी दहावी नस, व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘भटकणारी’. नाव अगदी शोभतं, कारण ही बाई मानेतून निघून हृदय, फुफ्फुसं, जठर असं करत पार आतड्यापर्यंत फिरून येते.

एक गोष्ट मला फार आवडली. आपलं हृदय स्वतःच्या पेसमेकरवर सोडलं तर मिनिटाला साधारण १०० वेळा पडेल. पण शांत बसलेलो असताना ठोके असतात ७० च्या आसपास. का? कारण व्हेगस सतत ब्रेक दाबून बसलेली असते. म्हणजे घाबरल्यावर पहिली गोष्ट होते ती ॲक्सिलरेटर दाबण्याची नाही, ब्रेक सोडण्याची! ब्रेक सुटायला एका ठोक्याइतकाही वेळ पुरतो. ॲक्सिलरेटरचा परिणाम दिसायला मात्र काही सेकंद लागतात.

वायरमधून काय जातं?

चेतापेशीच्या आतलं व्होल्टेज बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतं. सिग्नल आला की पटलातले सोडियमचे दरवाजे उघडतात, व्होल्टेज अधिक ३०-४० पर्यंत उडी मारतं आणि साधारण एका मिलिसेकंदात परत खाली येतं. ही उडी एकतर पूर्ण असते, नाहीतर नसतेच. म्हणजे अगदी डिजिटल. ‘जोरात’ हे सांगायचं असेल तर उडी मोठी होत नाही, उड्यांची संख्या वाढते. हॉजकिन आणि हक्सले या दोघांनी माखली जातीच्या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर काम करून १९५२ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांचं मॉडेल म्हणजे चक्क एक सर्किट आहे. पटल म्हणजे कपॅसिटर, आणि त्याला पॅरलल जोडलेले बदलते कंडक्टन्स. ती समीकरणं हक्सलेने हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर सोडवली. आपण सिम्युलेशन हँग झालं की कुरकुरतो! दोघांना १९६३ मध्ये नोबेल मिळालं.

वेगाच्या बाबतीत मात्र तांब्याची तार कितीतरी पुढे आहे. आवरण असलेल्या सगळ्यांत वेगवान चेतातंतूत सिग्नल सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतो. बिनआवरणाच्या बारीक तंतूत सेकंदाला दोन मीटरसुद्धा नाही. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी ‘लागलं’ हे कळतं आणि मग ती ठसठस सावकाश वर येते, त्याचं कारण हेच. दोन वेगांच्या दोन वायरी.

आणि वायर जिथे संपते तिथे पुढे वीज जात नाही, रसायन जातं. हे ओटो लोवीने बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. त्याने एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, तसं ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं! हा प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असं लोवी स्वतः सांगत असे. पहिल्या रात्री उठून कागदावर खरडलेलं सकाळी त्याला वाचताच आलं नाही. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न परत पडलं, तेव्हा तो उठून सरळ लॅबमध्ये गेला.

दोरी की साप?

आता मुख्य विषय. पावसाळ्यात लाइट गेलेत, तुम्ही अंगणातून येताय, आणि पायाशी काहीतरी वेटोळं पडलंय. तुम्ही टुणकन मागे उडी मारता. मग कळतं की ती दोरी आहे. इथे क्रम नीट बघा. आधी उडी, मग कळणं.

दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजतो तेव्हाही असंच. अचानक मोठा आवाज झाला की साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत पापण्या मिटायला लागतात. तोच आवाज ऐकून ठरवून बटण दाबायला आपल्याला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे ‘आपण’ हजर व्हायच्या आधी शरीराचं काम झालेलं असतं. हे दचकणं मेंदूच्या बुंध्यातल्या बुंध्यात उरकलं जातं.

भीती त्याच्या एक मजला वर आहे. न्यूयॉर्कच्या जोसेफ लेडू या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. एक आवाज ऐकवायचा आणि लगेच पायाला हलका शॉक द्यायचा. थोड्याच वेळात उंदीर नुसत्या आवाजानेही जागच्या जागी गोठतो. हे सगळं मेंदूत कुठून कसं जातं, त्याचा माग लेडूने काढला. कानाकडून आलेला संदेश थॅलॅमस नावाच्या स्विचबोर्डवर येतो. तिथून दोन रस्ते फुटतात. एक लांबचा, मेंदूच्या बाहेरच्या थरात जाऊन नीट छाननी करणारा. दुसरा जवळचा, थेट अमिग्डलाकडे जाणारा. अमिग्डला म्हणजे कानाच्या पातळीवर आत खोल असलेला, बदामाच्या आकाराचा पेशींचा पुंजका. एक डावीकडे, एक उजवीकडे. उंदरात जवळचा रस्ता १२ मिलिसेकंदांत पोचवतो, लांबच्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. जवळच्या रस्त्याने येणारं चित्र अस्पष्ट असतं, पण लवकर येतं. दोरीला साप समजलं तर एक उडी फुकट जाते. सापाला दोरी समजलं तर जीव जातो. त्यामुळे सर्किटचं डिझाइन ‘खोटा अलार्म चालेल, पण चुकलेला अलार्म नको’ या तत्त्वावर आहे.

माणसात हा जवळचा रस्ता नेमका किती कामाचा, यावर शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत. आणि स्वतः लेडूने पुढे एक महत्त्वाची दुरुस्ती केली. अमिग्डला जे करते ते शरीराचं बचावकार्य आहे, ‘मला भीती वाटतेय’ ही जाणीव नव्हे. जाणीव नंतर, मेंदूच्या वरच्या थरात तयार होते. म्हणजे शरीराचा अलार्म वेगळा आणि भीती वाटणं वेगळं. “घाबरू नकोस” हे वाक्य दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला सांगितलं जातं, आणि भोंगा वाजतोय पहिल्या खोलीत!

मग हा भोंगाच काढून टाकला तर? अशी एक बाई आहे. संशोधनात तिला एसएम या आद्याक्षरांनी ओळखतात. एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिच्या दोन्ही अमिग्डला नष्ट झाल्या. संशोधकांनी तिला साप असलेल्या दुकानात नेलं, भुताटकीच्या घरात नेलं, भयपट दाखवले. २०११ मध्ये त्यांनी लिहिलं की तिला भीती वाटलीच नाही. उलट साप हातात घ्यायची तिला भारी उत्सुकता! ऐकायला मस्त वाटतं. पण याच बाईवर आयुष्यात जिवावरचे प्रसंगही आले, कारण धोका ओळखून लांब राहणं तिला जमत नाही. म्हणजे भीती हा बिघाड नाही. भीती नसणं हा बिघाड आहे.

गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये याच एसएमला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एक श्वासभर दिली, तर ती प्रचंड घाबरली. श्वास कोंडण्याची भीती अमिग्डलाशिवायही येते! निसर्गाने अलार्मची वायर एकच ठेवलेली नाही.

वाक्प्रचारांचा उलगडा

अमिग्डलाकडून संदेश हायपोथॅलॅमसकडे जातो आणि तिथून अनुकंपी शाखेचा ब्रॉडकास्ट सुरू होतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथी ॲड्रीनलीन रक्तात सोडतात. आता यादी परत घ्या.

छातीत धडधड : व्हेगसचा ब्रेक सुटला आणि ॲक्सिलरेटर दाबला गेला.

घशाला कोरड : लाळ पातळ ठेवणं हे परानुकंपी शाखेचं काम. ती गप्प बसली की तोंडचं पाणी पळतं. अक्षरशः!

हातपाय गार : कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं.

दरदरून घाम : तळहाताच्या घामग्रंथी अनुकंपी नसांच्या ताब्यात असतात. आपल्याला हे मोजताही येतं. मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवून दोन बोटांना प्रोब लावा आणि मित्राला मागून ‘भॉक’ करायला सांगा. दोन-तीन सेकंदांत आकडा खाली येईल. लाय डिटेक्टरमध्ये जी चार-पाच मोजमापं घेतात त्यांतलं हे एक.

अंगावर काटा : केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू आवळतात. मांजर यामुळे दुप्पट मोठी दिसते. आपल्याकडे केसच उरले नाहीत, फक्त काटा उरला.

पाय लटपटणं, आवाज कापणं : ॲड्रीनलीनमुळे स्नायूंची नेहमीची बारीक थरथर वाढते.

आणि पोटातला गोळा? १८९५ मध्ये एक्स-रे सापडले आणि लगेचच वॉल्टर कॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने मांजरांच्या जठराची हालचाल एक्स-रेने बघायला सुरुवात केली. त्याच्या लक्षात आलं की मांजर चिडलं किंवा घाबरलं की जठराची हालचाल बंद पडते. पचनाचं काम थांबतं आणि तिथलं रक्त दुसरीकडे वळतं. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत, त्यामुळे हा संप आपल्याला चांगलाच जाणवतो. हाच कॅनन पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला आणि त्याच्या १९१५ च्या पुस्तकातून ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना जगभर पोचली. आता त्यात तिसरा पर्याय जोडतात, गोठून जाणं. आपली ‘दातखीळ बसणं’ ती हीच.

यानंतर दुसरी, सावकाश लाट येते. हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि ॲड्रीनल अशा तीन टप्प्यांत निरोप जातो आणि रक्तात कोर्टिसोल वाढतं. त्याचा सर्वांत वरचा बिंदू प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी येतो. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

ओरल : एक जागतिक कीर्तीचा प्रयोग!

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात माणसाला खात्रीने ताण देण्याची एक पद्धत तयार झाली. १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरतात. पद्धत अशी : परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायचं. परीक्षक चेहऱ्यावर काहीही दाखवत नाहीत. हसत नाहीत, मान डोलवत नाहीत. मग पाच मिनिटं तोंडी गणित. १०२२ मधून १३ वजा करत जायचं. १००९, ९९६, ९८३... एक जरी चुकलं की पुन्हा १०२२ पासून! यात भाग घेणाऱ्यांचं कोर्टिसोल दुप्पट ते चौपट वाढतं. साप नाही, वाघ नाही, शॉक नाही. फक्त निर्विकार चेहऱ्याची माणसं आणि प्रश्न.

ओळखीचं वाटतंय ना?

डिकरसन आणि केमेनी या दोघींनी २००४ मध्ये असे २०८ प्रयोग एकत्र तपासले. कोर्टिसोल सर्वांत जास्त कधी वाढतं? दोन गोष्टी एकत्र आल्या की. कुणीतरी आपली पारख करतंय आणि परिस्थिती आपल्या हातात नाही. आपल्या ओरलमध्ये दोन्ही फुकट मिळतात.

आता ‘ब्लँक’ होण्याबद्दल. कपाळामागचा मेंदूचा भाग विचार जुळवतो, दोन गोष्टी एकाच वेळी लक्षात धरून ठेवतो. एमी आर्नस्टेन यांच्या येल विद्यापीठातल्या कामातून दिसलं की ताणाच्या वेळी नॉरॲड्रीनलीन आणि डोपामिन प्रमाणाबाहेर वाढलं की हा भाग ढिला पडतो. थोडं वाढलं तर उलट फायदा होतो, म्हणून थोडी भीती बरीच असते. दुसरं कारण कोर्टिसोल. १९९८ मध्ये डॉमिनिक द क्वेर्व्हां यांनी उंदरांना पाण्यातल्या एका परीक्षेचा रस्ता शिकवला. परीक्षेच्या २ मिनिटं आधी शॉक दिला तर फरक पडला नाही. ४ तास आधी दिला तरी नाही. पण ३० मिनिटं आधी दिला तर येणारा रस्ता आठवेना. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, फक्त त्या वेळी काढता येत नव्हतं. हार्ड डिस्कवर फाइल आहे, रीड एरर येतोय.

आणि आपण काय करतो? आत जायच्या आधी अर्धा तास कॉरिडॉरमध्ये उभं राहून, बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला “काय विचारलं? एक्स्टर्नल कसा आहे?” विचारत एकमेकांना व्यवस्थित शॉक देतो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस

माझ्या बॅचमध्ये एक मुलगा आहे. मायक्रोप्रोसेसर आम्ही अर्ध्या वर्गाने त्याच्याकडून शिकलो. सेकंड इयरच्या एका ओरलला तो आत गेला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. समोरून “अभ्यास करून येत जा” असं ऐकवलं गेलं. पुढच्या ओरलच्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. त्याच्या पुढच्या वेळी ताप आला. खोटा नव्हता, मी डबा द्यायला गेले होते. नंतर तो प्रेझेंटेशनलाही गैरहजर राहायला लागला, मग प्रॅक्टिकललाही. या वर्षी त्याच्या घरी ‘ड्रॉप घेतो’ असं बोलणं चालू आहे. सगळे म्हणतात, “हुशार आहे, पण हिंमत नाही.”

मला आता वाटतं की हे वाक्य चूक आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लेडूच्या उंदराने आवाज आणि शॉक यांची जोडी लावली, तशी याच्या अमिग्डलाने लॅबचं दार आणि तो अपमान यांची जोडी लावली. मग दारावरून कॉरिडॉर, कॉरिडॉरवरून कॉलेज असं ते पसरत गेलं.

ही जोडी सुटते कशी? पाव्हलॉवच्या काळापासून उत्तर माहीत आहे. आवाज येतो आणि शॉक येत नाही, असं पुन्हापुन्हा व्हावं लागतं. जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘इथे काही होत नाही’ अशी नवी आठवण लिहिली जाते आणि ती जुनीला दाबून धरते. पण त्यासाठी आवाज तर ऐकायला हवा! जो दर वेळी घरी राहतो, त्याला त्या क्षणी हायसं वाटतं, पण त्याच्या मेंदूला नवी आठवण लिहायची संधीच मिळत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो तो असा.

इथे आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९५ मध्ये ट्रिअरच्याच संशोधकांनी २० निरोगी पुरुषांना ती परीक्षा लागोपाठ पाच दिवस दिली. १३ जणांचं कोर्टिसोल दुसऱ्या दिवसापासून फारसं वाढलं नाही. सवय झाली. उरलेल्या ७ जणांचं मात्र पाचही दिवस वाढतच राहिलं. म्हणजे काहींना दोनदा सराव पुरतो, काहींना पुरत नाही. “आम्ही नाही का गेलो? तूही जा” असं म्हणणारे बहुतेक त्या १३ मधले असतात.

मग करायचं काय?

स्वायत्त खात्याचा पासवर्ड आपल्याकडे नाही असं मी वर लिहिलं. पण एक चोरदरवाजा आहे. श्वास. झोपेत तो आपोआप चालतो, आणि मनात आलं तर आपण तो थांबवू शकतो, लांबवू शकतो. दोन्ही खात्यांची चावी असलेली ही गोष्ट. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगसचा ब्रेक लागून कमी होतात. मनगटावर बोट ठेवून बघा, काही जणांना स्पष्ट कळतं. म्हणून आजी “मोठा श्वास घे” म्हणते त्यात थोडी भर घालायची : घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. मिनिटाला साधारण सहा श्वास, चार-पाच मिनिटं. भीती गायब होणार नाही, पण भोंग्याचा आवाज कमी होईल.

दुसरं, मॉक ओरल. फक्त मित्राने हसत-खिदळत घ्यायची नाही. रिकाम्या क्लासरूममध्ये, टेबलापलीकडे दोघंजण, चेहरे कोरे. आधी सोपे प्रश्न, मग अवघड. आज एक माणूस, उद्या दोन, परवा तीन. आणि जागा बदलत राहा, कारण ‘इथे काही होत नाही’ ही आठवण त्या जागेलाच चिकटून बसते.

तिसरं, शेवटचा अर्धा तास कॉरिडॉरमधल्या बातम्यांपासून लांब राहा.

चौथं, झोप, जेवण, कॉलेज सगळंच बिघडायला लागलं असेल तर मदत घ्या. पाय मोडला तर आपण हिंमतीने चालत नाही, डॉक्टरकडे जातो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ मध्ये सुरू झाली, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.

आणि सर-मॅडम हा अंक वाचत असतील तर एक नम्र विनंती. पहिला प्रश्न सोपा विचारा. एकदा मान डोलवा. ट्रिअरच्या परीक्षकांना कोरा चेहरा ठेवायला सांगितलेलं असतं कारण त्यांना ताण मोजायचा असतो. तुम्हाला तर आमचा अभ्यास मोजायचाय ना?

त्या मित्राबरोबर आम्ही चौघांनी मागच्या महिन्यापासून संध्याकाळी मॉक ओरल सुरू केल्यात. पहिल्या दिवशी तो दारातूनच परत गेला. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीवर बसला. सध्या तीन प्रश्नांपर्यंत आलोय. ओरल पुढच्या महिन्यात आहेत. तो त्या दिवशी येईल की नाही, मला माहीत नाही. पण आला आणि लॅबबाहेर थरथरत उभा दिसला, तर कृपा करून कुणी त्याला “घाबरू नकोस” म्हणू नका. शेजारी उभे राहा, आणि त्याच्याबरोबर सावकाश श्वास सोडा.